स्मरण गेले, तर भक्ती राहिली काय?

कोपरला खालून कल्याणची लोकल धावते, वरून वसई-दिव्याची गाडी. त्या खडखडाटातही एकादशीला टाळ वाजतो. अशाच एका घरी आम्ही भजनास गेलो होतो. वर्षानुवर्षे वारी केलेली घरची म्हातारी कुठे दिसेना. विचारले, तर मुलगा हळूच म्हणाला, “माऊली, आईला आता काही उमगत नाही. मलासुद्धा ओळखत नाही. मधेच उठेल, काहीबाही बोलेल. म्हणून आत बसवलीय.”

हरिपाठ सुरू झाला आणि आतून तिचा आवाज आला. शब्द मोडके होते, पण चाल बरोबर होती, ठेका चुकत नव्हता. मुलाचे डोळे भरून आले.

वाचकहो, प्रश्न असा की, जिचे स्मरणच गेले तिची भक्ती राहिली काय?

या रोगास स्मृतिभ्रंश म्हणतात. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार जर्मन वैद्य अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने पीडित असल्याचा अंदाज आहे. हे कोणाच्या पापाचे फळ नव्हे. मेंदू झिजण्याचा तो रोग आहे. परंतु जुनी, परिचित गाणी ओळखणारे मेंदूचे भाग अल्झायमरमध्ये इतरांच्या मानाने कमी झिजतात, असे लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली दाखविले. म्हणून नातवाचे नाव विसरलेली आजी हरिपाठाची चाल धरते.

गाण्याने रोग बरा होतो, असे मात्र कोणी समजू नये. मनाची खिन्नता काहीशी उतरते; गेलेली आठवण परत येत नाही. वैद्य सोडून नुसता टाळ धरणे शहाणपणाचे नव्हे.

आता भक्तीचे पाहा. भागवतात नवविधा भक्ती सांगितली, तिचा क्रम काय? पहिले श्रवण, दुसरे कीर्तन, मग तिसरे स्मरण. तिसरी पायरी ढासळली म्हणून पहिल्या दोन गेल्या काय? म्हातारीचे कान ऐकतात, कंठ गातो. आणि आमच्या मते नाम ही काही परीक्षा नव्हे, की आठवले तर पास, विसरले तर नापास! तिने देवाला आठवायचे तेवढे आयुष्यभर आठवले. आता तिची आठवण आपण ठेवायची आहे.

ती ठेवायची कशी? तिला भजनात आपल्याशेजारी बसवावे. तिच्या तरुणपणीच्या चाली धिम्या लयीत म्हणाव्या. पखवाज-टाळांच्या कल्लोळाने ती घाबरली, तर वाद्ये थांबवावी. “ओळख पाहू मी कोण?” असे विचारून तिला लाजवू नये. चुकली तर चुकू द्यावे, उठली तर हात धरून फिरवून आणावे. आणि मंडळींनी पाळीपाळीने घरी जाऊन दोन अभंग म्हणावे, म्हणजे दिवसरात्र राबणाऱ्या सुनेलाही घटकाभर पाठ टेकता येईल. हीही सेवाच आहे.

त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. लोक हसतील ही त्याची भीती, आणि ती भीती आपणच घातलेली. पुढच्या एकादशीस आम्ही त्याच घरी जाणार आहोत. म्हातारीची जागा वीणेकऱ्याशेजारी राहील, असे त्याला सांगून आलो आहोत.

दिंडीत कोणी मागे पडले, तर आपण त्याला वाटेत टाकून जातो काय?

रामकृष्णहरी.