राखलेले अंतर

ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्यापासून दूर राहणे, हेही प्रेम असू शकते काय? २०२० साली कोरोनाच्या साथीत आपण या प्रश्नाला 'होय' असे उत्तर दिले, आणि ते योग्यच होते. मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली. पासष्ट वर्षांवरील मंडळींनी घरातच राहावे, असे शासनाने बजावले. चर्चची दारे मिटली. आजी-आजोबांचा जीव वाचावा म्हणून नातवंडांनी त्यांच्या खोलीत जाणे सोडले.

देह जपताना मनावर काय भार पडतो, हे बंगळूरच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने ओळखले व त्याच काळात मानसिक आधारासाठी दूरध्वनीसेवा सुरू केली. साथ ओसरल्यावरही ती गरज सरली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने 'टेलि-मानस' ही सेवा आरंभिली. तिच्या कार्यातही निम्हान्सचा मोठा वाटा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य लिहून द्या.

परंतु तेवढ्याने आपले कर्तव्य संपते काय? साथीने लादलेले अंतर आणि आपण सोयीसाठी टिकविलेले अंतर, या दोहोंत मोठा भेद आहे. पहिल्यात त्याग होता. भेटीची ओढ असूनही आपण ती आवरली. दुसऱ्यात ओढच उरलेली नाही. रविवारी फोन केला की मुलाचे कर्तव्य झाले, आणि उपासना घरबसल्या पडद्यावर दिसते म्हणून वृद्धांना चर्चला आणण्याची मंडळीलाही निकड वाटेनाशी झाली.

वयोवृद्ध पौल बंदिवासात होता. पत्रांचे मोल त्याच्याहून अधिक कोण जाणत होता? तरीही तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो त्याला हिवाळ्याआधी येण्याची विनवणी करतो, त्रोवसात राहिलेला झगा आणावयास सांगतो. त्याला झगा हवा होता, आणि तीमथ्यही हवा होता.

वृद्धांची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच मन रमेनासे झाले आणि असे आठवडेच्या आठवडे चालले, तर 'वय झाले' किंवा 'विश्वास उणा पडला' असे म्हणून सोडून देऊ नका. तो आजार असू शकतो व त्यावर उपचार आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि त्यांना डॉक्टरांकडेही न्या.

येत्या रविवारी चर्चमधील रिकाम्या बाकाकडे पाहा. साथीपूर्वी तेथे कोण बसत असे, हे आठवा. आणि उपासना आटोपताच त्यांच्या दारी जा.