जाति सांपडते कीं ठरते?

गाय आणि म्हैस यांचा संकर होत नाहीं, एवढ्यावर त्यांच्या जाती निराळ्या म्हणतां येतात. जीवाणूंच्या बाबतींत ही सोय नाहीं. तेथें एका पेशीच्या दोन होतात, आणि दूरचे जीवाणूही आपसांत जनुकें देतात-घेतात. मग गुहेंतील चिमूटभर मातींतून कोणी 'नवी जाति' काढून दाखवितो, तेव्हां तो असलेलें पाहतो, कीं नसलेलें ठरवितो?

एक उदाहरण घेऊं. चीनमधील ग्वांग्शी येथील गुहेंत मिळालेल्या एका जीवाणूचें वर्णन 1999 सालीं प्रसिद्ध झालें व त्यास 'बॉयटेनबर्गिया कॅव्हर्नी' हें नांव मिळालें. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'गुहेची'; पहिला मात्र जर्मनींतील येना येथें संशोधकांची संस्था ज्या भागांत आहे त्यावरून घेतलेला. चिनी गुहेंतल्या जीवास जर्मन गोत्र लागलें! त्याच्या पेशीभित्तींत लायसीन हें अमिनो आम्ल आढळलें. परंतु लायसीन इतर अनेक जीवाणूंतही असतें. भित्तीचे घटक, मेदाम्लें, आरएनएचें जनुक हें सर्व एकत्र ताडून पाहतां ज्ञात सग्यासोयऱ्यांपैकीं एकाशींही पुरतें जुळेना, म्हणून तो नवा.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. न्याय-वैशेषिकांच्या मतें गोत्व हें खरोखरच अस्तित्वांत असतें, आणि सर्व गाईंत तें एकच असतें. दिङ्नागानें तें नाकारलें. 'गाय' म्हणजे जें गाय नव्हे त्याचें निवारण, एवढाच त्याच्या अपोहवादाचा आशय. प्रयोगशाळेंतील रीत पाहिली तर ती दिङ्नागाच्याच पक्षाची दिसते.

मग नैयायिक हरले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दोन नमुन्यांच्या डीएनएचें साम्य सुमारें 70 टक्के वा अधिक असेल तर जाति एक मानावी, असें 1987 सालीं तज्ज्ञांच्या समितीनें सुचविलें; आज संपूर्ण जीनोम ताडून 95-96 टक्क्यांची मर्यादा धरतात. या रेषा माणसानें आखल्या, हें उघड आहे. पण उत्तीर्णतेची रेषा पस्तिसावर ठेवणें परीक्षकाच्या हातीं असतें; उत्तरपत्रिकेंत काय लिहिलें आहे, तें नसतें. साम्य किती भरावें हें जीवाणूच सांगतो. त्याचें उत्तर गैरसोयीचें आलें म्हणून रेषा सरकविणें, ही आमच्या मतें तर्काची नव्हे, शीलाची चूक होय.

म्हणूनच आतांचा नियम असा कीं, नामधारी नमुना निदान दोन निराळ्या देशांतील संग्रहांत जिवंत ठेवावा. असा एक राष्ट्रीय संग्रह पुण्यांतही आहे. ज्यास शंका येईल त्यानें नमुना मागवावा व स्वतः तपासावा. ग्वांग्शीच्या त्या जीवाणूचा नमुना जर्मन संग्रहांत 12333 या क्रमांकानें आहे. 2009 सालीं त्याचा सुमारें 47 लाख अक्षरांचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. नांव देणाऱ्यांपाशीं दहा वर्षांपूर्वीं हा पुरावा नव्हता. नमुना मात्र त्यांनीं दुसऱ्यांच्या हातीं देऊन ठेवला होता.