बिळातला राखणदार

पाण्यात बुडालेल्या झाडाची ढोली, काठाखाली पोखरलेली कपार, दोन खडकांमधली अंधारी फट. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात मे संपून जून लागला की अशा जागांना एकदम महत्त्व येते. पाणी वीस-बावीस अंशांच्या वर तापू लागते आणि एरवी खोल डोहात एकट्याने राहणारा एक मोठा मासा काठाकडे सरकतो. हा फ्लॅटहेड कॅटफिश. डोके रुंद आणि चपटे, खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला, डोळे बारीक, अंगावर एकही खवला नाही. दिवसा लपून बसतो, रात्री जिवंत मासे पकडून खातो, मेलेल्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला सख्खे भावंडही नाही, त्याच्या प्रजातीत हा एकटाच. 1998 मध्ये कॅन्सस राज्यात गळाला लागलेला फ्लॅटहेड 123 पौंडांचा, म्हणजे जवळपास 56 किलोंचा होता. तो आजही विक्रम मानला जातो.

या आकाराचे आणि आक्रमक शिकारी वाटणारे जनावर वर्षातले काही दिवस काय करते, ते मला फार मोलाचे वाटते.

जागा नर निवडतो. तोंडाने आणि शेपटीने आतला गाळ बाहेर लोटतो, तळ स्वच्छ करतो. मादी आली की दोघे अंगाला अंग घासत पोहतात, नराचे अंग थरथरते. मादी सगळी अंडी एका दमात घालत नाही. थोडी घालते, थांबते, पुन्हा घालते, आणि दर खेपेला नर त्यांवर आपले बीज सोडतो. हे तासन्‌तास चालते. शेवटी बिळाच्या तळाशी पिवळसर, चिकट अंड्यांचा एक मोठा गोळा तयार होतो. मादी मोठी असेल तर अंड्यांची संख्या लाखापर्यंत जाते. मग नर मादीला हुसकावून लावतो. टाकीत तिला पळायला जागा नसली तर तो तिच्यावर तुटून पडतो. आता बिळात तो आणि ती अंडी.

खरे काम इथून सुरू होते, आणि ते नुसत्या पहाऱ्याचे नाही. अंडी एकमेकांना चिकटलेली असतात. वरच्या थराला ताजे पाणी मिळते, पण गोळ्याच्या पोटातल्या अंड्यांपर्यंत प्राणवायू पोहोचायचा कसा? त्यातून पाणी जितके कोमट, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. आणि कोमट पाण्यातच अंड्यांची वाढ जोरात, म्हणजे त्यांची गरज जास्त. बीळ बंदिस्त, प्रवाह मंद. नर हलला नाही तर आतली अंडी गुदमरतील, त्यांवर बुरशी चढेल आणि ती चांगल्या अंड्यांवरही पसरेल. म्हणून तो पर आणि शेपूट हलवत राहतो, अंड्यांना पाण्याचा वारा घालतो, अंगाने तो गोळा हलवतो, उसवतो. पाण्याच्या उबेप्रमाणे सहा ते नऊ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पोटाशी पिवळ्या बलकाची शिदोरी घेऊन ती आणखी काही दिवस बिळातच एकमेकांना खेटून राहतात, आणि तोवर बापाचा पहारा उठत नाही. या काळात त्याचे खाणे जवळजवळ थांबलेले असते. पुढे पिल्ले पांगतात, उथळ खळाळत्या पाण्यात दगडांखाली शिरून किड्यांच्या अळ्या खात वाढतात. पुन्हा त्याच चक्रात यायला त्यांना तीन ते सहा वर्षे लागतात.

ही माया म्हणावी का? माशाच्या मनात काय चालते ते सांगण्याचा अधिकार मी घेत नाही. पण जीवशास्त्राने दिलेले उत्तर मायेपेक्षा कमी सुंदर नाही. जे मासे पिल्लांची काळजी घेतात, त्यांच्यात एकट्या बापाने ती घेणे सर्वांत जास्त आढळते. फलन शरीराबाहेर होते, जागा नराची असते, आणि आपल्या जागेत पडलेली अंडी आपलीच, याची त्याला बऱ्यापैकी खात्री असते. मादीने मात्र अंडी बनवण्यातच अंगातले सत्त्व घातलेले असते. तिने जाऊन खावे, पुढच्या विणीची तयारी करावी, यातच वंशाचे हित. सांभाळणे म्हणजे आईचे काम, असे आपण गृहीत धरतो. निसर्गाचा तसा काही आग्रह नाही.

आता या बिळात माणसाचा हात शिरतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे नुसत्या हाताने कॅटफिश धरण्याची जुनी रीत आहे. जेम्स अडेर या व्यापाऱ्याने 1775 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तिथल्या मूलनिवासी लोकांना असे मासे धरताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. आज या प्रकाराला नूडलिंग म्हणतात, काही राज्यांत हॉगिंग किंवा ग्रॅबलिंग. माणूस गळाभर पाण्यात उतरतो, पायाने कपार चाचपतो, श्वास रोखून खाली जातो आणि हात बिळात घालतो. आतला नर पळत नाही. तो हाताला चावतो. त्याच्या जबड्यात सुळे नसतात, बारीक दातांचे पट्टे असतात, पॉलिश पेपरसारखे खरखरीत. हातावरची कातडी सोलून निघते. नूडलिंग करणाऱ्याला हेच हवे असते. जबड्यात गेलेल्या हातानेच तो माशाचा जबडा पकडतो आणि त्याला ओढून वर आणतो. ओक्लाहोमातल्या पॉल्स व्हॅली गावात 2000 सालापासून याच्या स्पर्धा भरतात, तिथे जत्रेसारखी गर्दी लोटते.

या खेळात धाडस आहे, मी ते नाकारत नाही. पाण्याखाली न दिसणाऱ्या बिळात हात घालायला छाती लागते. आत कासव किंवा साप निघू शकतो आणि बुडून माणसे मेलेलीही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बापाने मुलाला शिकवलेली ही कला आहे. गळ आणि सोनार यंत्र घेऊन बोटीत बसणाऱ्यापेक्षा हा माणूस माशाच्या अधिक बरोबरीने लढतो, असेही म्हणता येईल. तरीही मला ही लढाई बरोबरीची वाटत नाही. मासा हाताला चावतो तो भुकेने नव्हे. राखण सोडायची नाही, या एकाच गोष्टीला बांधलेला असल्यामुळे तो चावतो. राखण करण्याची ही सवय लाखो वर्षांत घडली ती अंडी खायला येणाऱ्या छोट्या-मोठ्या माशांविरुद्ध, ज्यांना चावून पळवता येते. चाव्याचाच दोर करणारा शत्रू त्या काळात नव्हता.

शिवाय हिशेबाचा प्रश्न आहे. मासेमारीचे नियम साधारणपणे माशांची संख्या आणि लांबी मोजतात. दिवसाला अमुक मासे, अमुक इंचांच्या वरचे. एरवी ऑक्टोबरात गळाला लागलेला नर म्हणजे नदीतून एक मासा कमी. जूनमध्ये बिळातून ओढलेला नर कागदावर एकच मासा असतो, पण त्याच्यामागे उघडी पडलेली हजारो अंडी काही तासांत सनफिशसारखे मासे फस्त करतात. नियमाला तो एकच दिसतो, नदीतून अख्खी वीण जाते.

मिझुरी राज्याने नेमका हाच मुद्दा धरला. तिथे हाताने मासेमारी दीर्घकाळ बेकायदा होती. लोकांचा आग्रह वाढल्यावर 2005 मध्ये काही नद्यांच्या ठरावीक भागांत प्रायोगिक हंगाम सुरू झाला आणि 2007 मध्ये तो थांबवण्यात आला, कारण विणीच्या काळातला हा उपसा मोठ्या माशांना झेपणार नाही, असे राज्याच्या मत्स्यतज्ज्ञांचे मत पडले. टेक्ससने 2011 मध्ये उलट दिशेने जाऊन नूडलिंग कायदेशीर केले. परवानगी देणाऱ्यांची बाजूही विचारात घ्यायला हवी. हात घालणारे मूठभर, गळ आणि दोऱ्या लावणारे असंख्य, तेव्हा मूठभरांनी एवढ्या मोठ्या जलाशयाचे काय बिघडते? पुष्कळ ठिकाणी ते खरेही असेल. पण परंपरा जपायची असेल तर ती जपण्यासाठी वर्षाचे उरलेले दहा महिने आहेत. त्या दहा महिन्यांत बिळे रिकामी असतात आणि हात रिकामा परत येतो, हाच या खेळाचा सगळा अर्थ सांगून जातो.

पंधरा वर्षांत एक माणूस जेवढी बिळे रिकामी करणार नाही, तेवढी सरकारी यंत्रांनी एका फेरीत नाहीशी केली, हेही इथे सांगायला हवे. 1829 मध्ये हेन्री श्रीव्हच्या ‘हेलिओपोलिस’ या वाफेच्या बोटीने मिसिसिपीतली बुडालेली झाडे उपटायला सुरुवात केली. आगबोटींच्या तळाला ती भोके पाडत, माणसे मरत. काढणे भागच होते. पण पुढे दशकानुदशके ओंडके काढणे, काठ दगडांनी बांधणे, वळणे सरळ करणे चालूच राहिले. ज्या नदीत आडवे झाड नाही आणि काठाला कपार नाही, त्या नदीत राखणदाराला राखायला घरच नाही.

हे वाचताना आपल्याकडचा शिंगाळा आठवल्याशिवाय राहत नाही. कोकणच्या बाजारात दिसणारा हा समुद्री कॅटफिश फ्लॅटहेडच्याही एक पाऊल पुढे आहे. त्याचा नर गोटीएवढाली अंडी तोंडात धरून ठेवतो, पिल्ले बाहेर येऊन पोहू लागेपर्यंत, आणि ते कित्येक आठवडे उपाशी राहतो. 1980च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत अंडी तोंडात असलेल्या नरांचे थवेच्या थवे सापडू लागले. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच धोक्याची सूचना दिली होती. पश्चिम किनाऱ्यावरचा शिंगाळ्याचा धंदा पुढे खालावला, तो पूर्वीसारखा झाला नाही. तिथे धाडसही नव्हते, परंपराही नव्हती. फक्त जाळे मोठे होते.

एका गोष्टीने मात्र ही सगळी बाजू उलटी होते. 1966 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत 11 फ्लॅटहेड सोडले गेले. ही नदी त्यांची नव्हती. पंधरा वर्षांच्या आत त्या नदीतला तोच प्रमुख शिकारी झाला. ज्या राखणीमुळे त्याची वीण मूळ नदीत तगते, तिच्याच जोरावर त्याने परकी नदी जिंकली. तिथले बुलहेड मासेही आपली पिल्ले सांभाळणारेच, नर-मादी दोघे मिळून. फ्लॅटहेडने त्यांनाही खाल्ले. जॉर्जियातल्या अल्टमाहा नदीत रेडब्रेस्ट सनफिश घटले, आणि शेजारच्या सटिला नदीत राज्य सरकारला विजेचा प्रवाह सोडून फ्लॅटहेड बाहेर काढण्याची मोहीम कायमची चालवावी लागली. सटिलातला नरही आपल्या अंड्यांना तितक्याच निष्ठेने वारा घालतो. तरी त्याला काढलेच पाहिजे, आणि त्या नद्यांत कोणी हात घालून त्याला बिळातून ओढले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. थाई मागूर हा परका मासा आपल्या तळ्यांत शिरल्यावर काय होते, हे आपणही पाहिले आहे. निष्ठा तीच असली तरी कोणत्या पाण्यात, हा प्रश्न सुटत नाही.

पण मूळच्या पाण्यातल्या, मूळच्या माशाबद्दल माझ्या मनात शंका नाही. विणीच्या वेळी त्याला हात लावू नये. समुद्रासाठी आपण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद ठेवतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला राहाव्यात ही कोळ्यांची जुनी रीतही आहे. नदी-ओढ्यांच्या बाबतीत मात्र आपला हात तितका आवरत नाही. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे, ज्यांना ठाणे-रायगडाकडे वलगणीचे मासे म्हणतात, ते अंडी घालायलाच निघालेले असतात. पोटात गाभोळी असते म्हणूनच त्यांना चव असते आणि म्हणूनच बांधाबांधावर जाळी लागतात. वर्षातून एकदा घरच्यापुरते चार मासे आणणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. पण ओढ्याचे तोंड पूर्ण अडवून, एकही मासा वर जाणार नाही अशी जाळी लावू नका. निम्मा ओढा मोकळा ठेवा.