चाळीस हजार माणसं, चाळीस मिनिटं

प्राग ते व्हिएन्ना. ब्रनोमार्गे गाडीनं साधारण साडेतीनशे किलोमीटर. न थांबता गेलं तर चार तास पुरतात. पण भाड्यानं गाडी घेऊन न थांबता कोण जातं? निघण्याआधी आम्ही चौघांनी एक्सेल शीट केली होती. एका कॉलममध्ये थांबा, दुसऱ्यात वळसा किती, तिसऱ्यात मिनिटं. संध्याकाळी सहाला व्हिएन्नात गाडी परत द्यायची होती, त्यामुळे सगळं गणित सहापासून मागे मोजत केलेलं. पहिली ओळ होती: 'कुत्ना होरा, हाडांचं चर्च, ४०'.

कुत्ना होरा हे चांदीच्या खाणींमुळे श्रीमंत झालेलं जुनं गाव, प्रागपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर. त्याच्या सेडलेत्स या भागात एक छोटं चर्च आहे. त्याच्या तळघरात अंदाजे चाळीस हजार माणसांची हाडं रचून ठेवली आहेत. पायऱ्या उतरताना मला शीटमधला आकडा आठवला. चाळीस हजार माणसं, चाळीस मिनिटं. म्हणजे मिनिटाला हजार. भागाकार करायची सवय काही चांगली नाही.

ही माणसं इथे आली कशी? सांगतात ते असं, की १२७८मध्ये इथल्या मठाचे प्रमुख जेरुसलेमला गेले आणि येताना येशूला सुळावर दिलं त्या टेकडीची थोडी माती घेऊन आले. ती इथल्या दफनभूमीत पसरली. मग दूरदूरच्या लोकांना याच मातीत पुरलं जावंसं वाटू लागलं. पुढे चौदाव्या शतकात प्लेग आला, पंधराव्यात धर्मयुद्धं झाली. जागा पुरेना, तशी जुनी हाडं उकरून तळघरात रचली गेली. १८७०मध्ये श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्यानं फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराला ती नीट मांडायचं काम दिलं. त्यानं कवट्यांच्या माळा केल्या आणि मधोमध हाडांचं भलंमोठं झुंबर टांगलं.

आज तिथे फोटो काढायला मनाई आहे. २०२०पासून आधी परवानगी घेतल्याशिवाय कॅमेरा चालत नाही, कारण लोक कवट्यांसोबत सेल्फी काढत, त्यांना हात लावत, टोप्यासुद्धा घालत. हे वाचून आपण लगेच मान हलवतो. काय लोक असतात!

पण भिंतीजवळ गेलं की एक गोष्ट दिसते. रिंटनं तिथे श्वार्झेनबर्गांचं मानचिन्ह केलंय. त्यात एक कावळा तुर्काच्या डोक्याचा डोळा टोचतोय. त्या घराण्यानं तुर्कांवर मिळवलेल्या विजयाची ती खूण. सगळं हाडांचं. आणि जवळच रिंटची सही आहे, तीही हाडांचीच. म्हणजे तिथली पहिली सेल्फी आपल्या पिढीनं काढलेली नाही. मालकानं दुसऱ्यांच्या हाडांत आपला मोठेपणा लिहिला आणि कारागिरानं आपलं नाव. फोनची बंदी आत्ताची आहे. ते मानचिन्ह मात्र दीडशे वर्षं भिंतीवर आहे आणि आपण त्याला कला म्हणतो.

मग प्रश्न असा, की मेलेल्या माणसाचा अपमान नेमका कशानं होतो? तो तर काही ऐकत नाही, बघत नाही. माझा एक मित्र बाहेर आल्यावर म्हणालाच, "अरे, कॅल्शियम आहे ते. उगाच गिल्टी होऊ नकोस."

मला ते पटलं नाही, आणि त्याचं कारण ती माती आहे. या चाळीस हजारांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण त्यांतल्या अनेकांची एक इच्छा माहीत आहे: या पवित्र मातीत विसावायचं होतं. माणूस गेला तरी त्याची इच्छा उरते. म्हणून तर आपण आजीनं सांगितलेली वस्तू तिनं सांगितलेल्याच नातीला देतो. त्या इच्छेला डावलून हाडांचा वापर आपल्या दिमाखासाठी केला की अपमान होतो, मग तो सरदारानं केलेला असो की आपण.

आता उरतो चाळीस मिनिटांचा प्रश्न. हल्ली सांगतात, प्रवास सावकाश करावा, एका जागी आठवडाभर राहावं. सल्ला छान आहे. पण ज्याच्या व्हिसावरचे आणि रजेचे दिवस मोजलेले असतात, त्याला तो परवडत नाही. आणि वेळ कमी म्हणजे आदर कमी, हेही खरं नाही. आपल्याकडे कुणी गेलं की त्या घरी आपण भेटायला जातो. पंधरा-वीस मिनिटं बसतो. फार बोलत नाही. निघताना 'येतो' म्हणत नाही, नुसतं उठतो. इतकी छोटी भेट, पण तिला कुणी उरकणं म्हणत नाही. कारण तिथे आपण काय करत नाही, हे ठरलेलं असतं. त्या घरून आपण काही घेऊन यायचं नसतं, फोटो तर नाहीच.

मग अशा जागी थांबूच नये का? याचं उत्तर पुढच्या थांब्यावर, ब्रनोत मिळालं. तिथल्या सेंट जेम्स चर्चच्या खालीही असंच अस्थिगृह आहे, पन्नास हजारांहून जास्त माणसांचं. अठराव्या शतकाच्या शेवटी चर्चभोवतीची दफनभूमी बंद झाली आणि खालची हाडं शहर विसरून गेलं. थेट २००१मध्ये ती पुन्हा सापडली, २०१२मध्ये लोकांसाठी खुली झाली. तोवर दोनशे वर्षं लोक वरून चालत होते. त्यांनी सेल्फी काढली नाही, हात लावला नाही, काहीच केलं नाही. त्याला आदर म्हणता येईल का? मला नाही वाटत.

शेवटचा थांबा मिकुलोव, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत. शीटमध्ये वीस मिनिटं. तिथल्या टेकडीवर ज्यूंची जुनी दफनभूमी आहे, सुमारे चार हजार दगडांची. मिकुलोव एके काळी मोरावियातल्या ज्यूंचं मोठं केंद्र होतं. नाझी आले आणि ती वस्ती संपली. ज्यांनी या कबरींवर यायचं, ती घरंच उरली नाहीत. ज्यू लोक कबरीला भेट दिली की तिच्यावर एक खडा ठेवतात. तिथे काही दगडांवर खडे होते. आमच्यासारख्याच कुणी, कुठून तरी कुठे तरी जाताना थांबून ठेवलेले असणार.

घरी कुणीच उरलं नसेल तर भेटायला कोण जाणार? अनोळखी माणसंच. त्यांच्याकडे वीसच मिनिटं असली तरी.

मीही एका दगडावर खडा ठेवला. त्यावरची अक्षरं मला वाचता येत नव्हती. आणि खरं सांगायचं तर खडा ठेवण्याआधी मी फोन काढून एक फोटो घेतला होता. अडवायला कुणी नव्हतं. तो अजून माझ्याकडे आहे. मी तो कुठे टाकलेला नाही, पुसलेलाही नाही.