मागील बाकी

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक वाईट खोड लागते. जगात जे जे घडतं ते जमेला धरायचं की नावे टाकायचं, एवढाच प्रश्न त्याला पडतो. लग्नाला गेलो तर मी आहेर आणि जेवण यांचा ताळमेळ घालतो. आमची सौभाग्यवती म्हणते, "तुम्ही स्वर्गात गेलात तरी दारात आधी पासबुक भरून मागाल." बी. कॉम. झालेल्या माणसाला यात काही अपमान वाटत नाही.

तर अशा माणसाचे वडील वारले की तो काय करतो? आधी रडतो, मग फॉर्म भरतो. मयत खातेदारांचे फॉर्म मी शेकड्यांनी हाताळले आहेत. ‘इथे सही, तिथे अंगठा, दाखल्याची प्रत जोडा’ असं रडणाऱ्या माणसांना सांगताना माझा आवाज कधी हलला नाही. बाबांच्या फॉर्मवर मात्र ‘मयत’ ही तीन अक्षरं लिहायला मला दोन फॉर्म लागले. पहिला भिजला.

खात्यात शिल्लक होती दोन हजार तीनशे चाळीस रुपये. नॉमिनी म्हणून माझं नाव असेल अशी आपली माझी समजूत. नाव निघालं माझ्या मुलीचं, वय वर्षं दहा. नॉमिनी अज्ञान असला की त्याच्या वतीनं पैसे घ्यायला एक सज्ञान माणूस नेमावा लागतो. ती नेमणूक माझ्या बायकोची! अधलामधला एक बी. कॉम. इसम व्यवस्थित वगळलेला. नॉमिनी हा केवळ विश्वस्त असतो, मालक नसतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. त्या दिवशी स्वतःला दोनदा सांगितलं.

बाबा फुलसावंगीचे. यवतमाळ जिल्ह्यातला महागाव तालुका, काळी जमीन, कापूस आणि तूर, पाच एकर कोरडवाहू. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. मी जवळच्याच एका शाखेत असताना, २०१९ पासून, किसान सन्मानचा दोन हजारांचा हप्ता जमा झाला की बाबा यायचे. रांगेत उभे राहायचे. मी आत बोलावलं तर यायचे नाहीत. मी मोजून दिलेल्या नोटा माझ्या तोंडासमोर दोनदा मोजायचे. एकदा मी रागावलो, तर म्हणाले, "काउंटरवर बाप नसते अन् पोरगंही नसते. मोजून घ्याव मानसानं." बाहेर पडले की त्याच पैशांतून नातीसाठी भजी. मला लहानपणी भज्यांऐवजी चपराक मिळालेली असल्यामुळे हा पक्षपात मला चांगलाच झोंबे. नातवंडं म्हणजे दुधावरची साय, असं लोक म्हणतात. पण तापवून घेतलेल्या दुधाला कुणी विचारतं का?

तरी बाबा कोरडे नव्हते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावाचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. गावातल्या एका तरुण कारागिरानं घरच्या घरी हेलिकॉप्टर बांधलं होतं, आणि चाचणी घेताना त्याचा जीव गेला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "बापाच्या आंधी पोरगं जाते, हा उलटा हिशेब झाला." बाबा गेल्यावर ते वाक्य मला आठवलं. आमचा हिशेब सुलटा झाला होता. सुलटा हिशेबही इतका दुखतो, हे आम्हाला वाणिज्य शाखेत शिकवलेलं नव्हतं.

तेरवी झाली आणि मी बाबांची पत्र्याची पेटी उघडली. आत सातबारा, एक तुटका चष्मा, नातीनं काढलेलं बैलाचं चित्र (त्याला सहा पाय होते, पण चित्र जपून घडी केलेलं), आणि लाल पुठ्ठ्याची लांबुडकी वही. वही म्हटल्यावर मी मांडी ठोकून बसलो.

नावेच्या बाजूला सात माणसं. कुणाला दीडशे, कुणाला तीनशे, एकाला हजार, प्रत्येकापुढे ‘बियाण्याला’. वसुलीचा पत्ता नाही. आमच्याकडे साध्या कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की ते कर्ज अनुत्पादक ठरतं. इथे तीस तीस वर्षं थकलेली! मी मनात म्हटलं, बाबांनी बँक काढली नाही हे देशावर उपकार झाले.

जमेच्या बाजूला एकच ओळ. ‘तेलघाणीवाले काका, १५० रुपये, बियाण्याला, १९८३. द्यायचे.’ त्या काळात राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची. कापूस एकदम द्यायचा आणि पैसे हप्त्याहप्त्यानं घ्यायचे. पेरणीला हात रिकामा, म्हणून ही उचल. पुढे दर पाडव्याला ती ओळ नव्या पानावर ओढलेली, ‘मागील बाकी १५०’. चाळीसहून अधिक पाडवे!

आता हे दीडशे रुपये मी द्यायचे की नाही? तुम्ही म्हणाल, दीडशे रुपयांसाठी एवढा विचार कसला? पण आमच्या धंद्यात प्रश्न रकमेचा नसतो, तत्त्वाचा असतो. रक्कम साहेबांकडे असते.

मी कायदा काढला. बापाचं कर्ज फेडणं हे हिंदू मुलाचं धर्मकर्तव्य, असं जुना हिंदू कायदा मानायचा. त्या एका आधारावर सावकार मुलावर दावा लावू शकत असे. २००५ च्या वारसा दुरुस्तीनं हा आधार काढून घेतला. मी सुटकेचा श्वास सोडला. मग खालचं परंतुक वाचलं. दुरुस्तीच्या आधी घेतलेल्या कर्जाला ही सवलत नाही! श्वास परत आत घेतला. मग मुदतीचा कायदा, १९६३ चा. साधी उसनवारी तीन वर्षांत मुदतबाह्य. मुदत संपण्याआधी कबुली लिहून सही केली तर मुदत नव्यानं सुरू होते. बाबांनी कबुली दर वर्षी लिहिली होती, सही एकदाही केली नव्हती. म्हणजे कायद्यानं मी साफ मोकळा होतो.

पण ते अक्षर काही मोकळं सोडीना. कोर्टात न टिकणारी बाकी हा माणूस चाळीस वर्षं कुणासाठी लिहीत होता? वही तर कुणी तपासत नव्हतं. शेवटी पाकिटात दीडशे रुपये घालून मी काकांकडे गेलो. घाणी केव्हाच बंद पडलेली. काका ऐंशीच्या पुढचे, ओसरीवर खाटेवर बसलेले. मी पैसे पुढे केले तर हसायलाच लागले.

"अरे बाबू, तुहा बाप पुढच्याच वर्षी घेऊन आला होता. म्या म्हटलं, मले देऊ नको. पेरनीच्या वक्ताले जो तुह्या दारात येईल त्याले दे. मलेही बहात्तरच्या दुष्काळात एकानं जवारी देल्ली होती. त्यानंही वापस घेतली नाही."

"मग बाबांनी सात जणांना दिले ते..."

"दर पाडव्याले येऊन सांगे, यंदा कोनाले देल्ले ते."

मी वहीतली बुडीत कर्जं म्हणत होतो ते हप्ते होते. तेही दीडशेच्या कितीतरी पट.

"मग फिटलं की नाही, काका?"

"म्या तं पयल्याच वर्षी फिटलं म्हटलं होतं. त्यालेच पटे ना."

परतताना एस. टी.त मला पितृऋण आठवलं. माणूस जन्माला येतो तो तीन ऋणं घेऊन, असं आपले जुने ग्रंथ सांगतात, आणि पितरांचं ऋण फिटतं संततीनं. घेतलं एकाकडून, भरणा दुसऱ्याच्या खात्यात! कुठलाही ऑडिटर शेरा मारील. पण काकांची वही, बाबांची वही, सगळ्या याच पद्धतीच्या. मला बरं वाटलं. मुलीची फी भरतो, तिला सायकल घेतली, म्हणजे माझे हप्ते चालू आहेत!

पण महागाव येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं नाही. गेल्या मार्चमध्ये बाबांचा फोन आला होता. "येतं का दोन दिवस?" मी म्हटलं, "बाबा, क्लोजिंग आहे." एप्रिलमध्ये म्हटलं, ऑडिट आहे. नंतर काय म्हटलं ते आठवत नाही, पण काहीतरी म्हटलंच. काकांचे पैसे पुढे देता आले, कारण काकांनी ते घ्यायला नकार दिला होता. बाबांनी माझे दोन दिवस नाकारले नव्हते, मागितले होते. ते दोन दिवस मी आता मुलीला दिले तर ती खूश होईल, होऊ दे. पण बाबांच्या खात्यात ते जमा होणार नाहीत. जे आईबाप परत घेत नाहीत ते पुढच्याला द्यावं, हे खरं. पण जे त्यांना हवं होतं ते त्यांनाच द्यायचं असतं, आणि त्याला मुदत असते. ती टळली की कितीही पुढे भरा, बाकी बाकीच राहते. बाबांनी काकांचं ऐकूनही दर पाडव्याला ती ओळ का लिहिली, याचं उत्तर मला असं थोडंसं लागलं.

पाडव्याला मी नवी वही आणली. ‘मागील बाकी १५०’ लिहिलं. खाली लिहिलं, ‘बाबांकडे जाणं, दोन दिवस’. मुलगी वाकून बघत होती. "आबाजींचे पैसे द्यायचे राहिले का, बाबा?"

"पैसे नाही राहिले," मी म्हटलं, आणि विषय बदलायला ओवाळणीचे म्हणून तिच्या हातावर नोटा ठेवल्या. तिनं त्या माझ्या तोंडासमोर दोनदा मोजल्या.

"अगं, बाप आहे मी तुझा!"

"आबाजींनी सांगितलंय, बाप असला तरी मोजून घ्यायचं."

दहा रुपये कमी निघाले.