देवासमोर थेट

सप्टेंबर १८८३मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधल्या वॉन्टेज गावी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराने महाराष्ट्रात खळबळ उडाली. तिकडे रमाबाईंचा इंग्लंडच्या चर्चशीच वाद जुंपला. त्रैक्य, येशूचे देवत्व, बिशपांचा अधिकार, एकेका मुद्द्यावर त्या वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून झगडत राहिल्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही. लहानग्या लेकीला, मनोरमाला, काय शिकवावे, हे दुसऱ्यांनी ठरवलेले त्यांना चालले नाही. भटभिक्षुकांची सत्ता झुगारून आलेली ही पंचविशीतली विधवा पाद्र्यांची सत्ताही निमूट मानणार नव्हती.

धर्मांतराविषयी आपण बोलतो ते कोण कोणता धर्म सोडून कुठे गेले एवढेच. त्या माणसाला आत काय मिळाले, हे विचारायचे राहून जाते. रमाबाईंना मिळाला तो कुणाच्याही मध्यस्थीवाचून देवासमोर उभे राहण्याचा हक्क.

त्याची गरज त्यांना जन्मभर जाणवली होती. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत, कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली ‘पंडिता’ ही पदवी. आणि त्याच शास्त्रांत स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होते. फुलहॅमला सिस्टरांनी चालवलेल्या आश्रमात समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना मायेने वागवलेले त्यांनी पाहिले. हे कशामुळे, असे विचारल्यावर सिस्टरांनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. गावाने नावे ठेवलेल्या त्या बाईशी येशू उपासनेच्या खऱ्या स्वरूपाविषयी बोलतो. रमाबाईंचे मन वळले ते इथे.

१८८९मध्ये रमाबाईंनी मुंबईत सुरू केलेले आणि पुढे पुण्यात आणलेले शारदा सदन याच विश्वासाची कसोटी ठरले. विधवा मुलींना तिथे आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दारही बंद नसे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या आणि पुण्यात वादळ उठले. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींना बाटवले जात आहे असे सनातनी म्हणत होते, तर उघड धर्मशिक्षण का देत नाही असे काही मिशनरी विचारत होते. स्वतःचा विवेक जपलेल्या बाईने दुसऱ्यांचाही जपायचे ठरवले, म्हणून दोन्हीकडून बोल ऐकून घेतले.

हाच आग्रह रेव्हरंड ना. वा. टिळकांमध्ये दिसतो. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. सोवळेओवळे पाळत त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना स्वतःला पटले तेव्हा त्यांनी आधी विटाळ मानणे सोडले. बाप्तिस्मा नंतर, १९००मध्ये. नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, या रीतीच्या काळात त्यांनी आपला निर्णय आपणच घेतला.

रमाबाई पुढे केडगावला गेल्या. १८९६ नंतरच्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथल्या मुक्ती मिशनमध्ये विणकामापासून छपाईपर्यंतची कामे शिकल्या. अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतवर एवढे प्रभुत्व असूनही त्यांनी पंडिती मराठी बाजूला ठेवली. नुकतीच अक्षरओळख झालेल्या खेडवळ बाईला देवाचे वचन स्वतः वाचून समजावे, यासाठी त्या साधी बोली निवडत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले; संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले, मुक्तीच्याच छापखान्यातून.