सहा कप आणि एक ग्लास

माझ्या लॅपटॉपवर ‘चहा’ नावाची एक एक्सेल शीट आहे. तिच्यात आत्तापर्यंत एकशे चौदा नोंदी झाल्यात. पानं किती ग्रॅम, पाणी किती अंश, किती सेकंद ठेवली, पहिल्या घोटाला काय वाटलं, थंड झाल्यावर काय वाटलं. हसू नका. लॉकडाऊनमध्ये कोणी पाव भाजायला शिकलं, कोणी गिटार घेतली, मी चहाच्या नादी लागलो.

त्याआधी चहा म्हणजे पातेल्यात दूध-पाणी, आलं, साखर आणि पावडर, एवढंच मला माहीत होतं. ही पावडर म्हणजे सीटीसी. १९३०च्या दशकात आसाममध्ये ही पद्धत सुरू झाली. दातेरी रोलरमधून पान चिरडून, फाडून त्याचे बारीक दाणे करायचे, म्हणजे ते झटपट रंग सोडतात आणि दुधालाही पुरून उरतात. मग कळलं की ग्रीन टी, उलाँग आणि काळा चहा ही वेगवेगळी झाडं नाहीतच. झाड एकच. पान खुडल्यावर त्याचं हवेशी किती वेळ नातं राहू द्यायचं, यावर बरंचसं ठरतं. जपानी सेंचा उकळत्या पाण्यात कडू होतो आणि सत्तर अंशांच्या आसपास गोडसर लागतो. दार्जिलिंगच्या सेकंड फ्लशला द्राक्षांसारखा गंध येतो, त्यात तुडतुड्यांचाही हात असतो. ते कोवळ्या पानांतला रस शोषतात, झाड बचावासाठी काही रसायनं तयार करतं आणि आपण त्या जखमेचा वास डोळे मिटून घेतो.

हे सगळं शिकताना मला हळूहळू वाटायला लागलं की हा नुसता छंद नाही, यातून मी माणूस म्हणूनही सुधारतोय. मी थांबायला शिकलो होतो. मोबाइल बाजूला ठेवून एका कपाकडे पाच मिनिटं लक्ष देऊ शकत होतो. ज्याचं छोट्या गोष्टींकडे लक्ष जातं त्याचं माणसांकडेही जाईल, असा साधा हिशोब होता.

तो हिशोब एका रविवारी चुकला.

मित्र आले होते. मी दार्जिलिंग केला होता आणि खास जपून ठेवलेले चिनीमातीचे सहा कप काढले होते. तेवढ्यात कामाच्या मावशी आल्या. मी उत्साहात म्हणालो, “मावशी, आज वेगळा चहा आहे, घेऊन बघा.” एक कप रिकामा होता. तरीही माझा हात वर मांडणीकडे गेला नाही, खाली सिंकच्या कडेला गेला. तिथे एक स्टीलचा ग्लास पालथा असतो. पण माझ्याआधी मावशींनीच तो उचलून पुढे केला होता. “ह्यातच द्या, दादा.”

त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, “उकळायचा राहिला का?” सगळे हसले. मीही हसलो. मित्र गेल्यावर मात्र तो ग्लास डोळ्यांसमोरून हलेना.

मी फ्लॅट घेतला तेव्हा आई साताऱ्याहून घर लावून द्यायला आली होती. तिने भांडी आणली, त्यातच हा ग्लास होता. “हा मावशींसाठी,” असं ती एकदाच म्हणाली. त्यानंतर तीन वर्षांत कोणी काही बोललं नाही, बोलायची गरजच पडली नाही. मावशींना मी त्यांची जात कधी विचारली नाही, याचा मला थोडा अभिमानही होता. पण ग्लासाला ती विचारावी लागत नव्हती.

एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अरे, त्यांना चहा जास्त लागतो, कपात मावत नाही. कशाला मनाला लावून घेतोस?” शक्य आहे. म्हणून मी स्वतःची एक सोपी टेस्ट घेतली. हा ग्लास फक्त मोठा आहे म्हणून वेगळा असेल, तर तहान लागल्यावर मी कधीतरी त्यातून पाणी प्यायलो असेन. मामेभाऊ राहायला आला तेव्हा कधीतरी त्याला त्यात चहा दिला असेल. तीन वर्षांत एकदाही नाही. टेस्ट फेल.

आता प्रश्न असा, की माझी जीभ एवढी तयार झाली होती, मग नजर कुठे होती?

डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीवर एक निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधला एक किस्सा येतो. दोन जाणकार एका पिंपातली वाइन चाखतात. वाइन चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते, असं एक म्हणतो. दुसरा म्हणतो, चामड्याची नाही, लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली एक किल्ली सापडते. छंदी माणसाला हा किस्सा फार आवडतो, कारण त्यात आपण जिंकतो. पण याच ह्यूमने त्याआधीच्या एका निबंधात म्हटलंय की नाजूक अभिरुचीचा माणूस मोजक्याच लोकांत रमतो. ह्यूमला हा फायदा वाटला होता. मला त्यात आता धोकाही दिसतो. चव घडवणं म्हणजे निवडणं, आणि निवडण्याची सवय कपावर थांबेलच असं नाही.

माझ्या शीटमध्ये तापमान बदलत होतं, वेळ बदलत होती, पानं बदलत होती. चहा कोणाला कशात द्यायचा, हा कॉलमच नव्हता. तो कॉन्स्टंट होता, कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला. आणि चालू असलेल्या कोडला आपण हात लावत नाही. लक्ष वाढलं म्हणजे सगळीकडे वाढत नाही. जिथे बक्षीस मिळतं तिथे वाढतं. सेंचाकडे नीट लक्ष दिलं की तो गोड लागतो. ग्लासाकडे नीट लक्ष दिलं की लाज वाटते. मी कुठे बघत राहिलो असेन, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

म्हणजे चहाच दोषी का? नाही. सोळाव्या शतकातल्या जपानमध्ये सेन नो रिक्यू या चहागुरूने जी परंपरा घडवली, तिच्या चहाघराचं दार जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं असतं. सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून वाकूनच आत यावं लागे. दाट माचा, म्हणजे कोइचा, करतात तेव्हा सगळे पाहुणे एकाच वाडग्यातून आळीपाळीने पितात. आणि त्याच काळात रिक्यूचा मालक हिदेयोशी सोन्याने मढवलेली चहाखोली मिरवत होता. १५९१ साली त्यानेच रिक्यूला आत्महत्या करायला लावली. चहा तोच. त्याने वाकायचं की मिरवायचं, हे चहा सांगत नाही.

आपल्याकडे हॉटेलांतल्या वेगळ्या कपबश्यांचा इतिहास फार जुना नाही. १९५५च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी हॉटेलातली भांडी कोणाला नाकारणं गुन्हा ठरवलं. पण तो कायदा हॉटेलासाठी आहे. माझ्या ओट्यावर कोणी इन्स्पेक्टर येणार नाही, तिथे मीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना चिनीमातीच्या कपात चहा दिला. त्यांनी हात मागे घेतला. “नको दादा, फुटला तर?” त्यांच्या भीतीवर माझं प्रायश्चित्त करायला निघालो होतो, हे तेव्हा कळलं. मग बाजारातून काचेचे सहा साधे, सारखे ग्लास आणले. आता घरात सगळेच त्यात पितात, दार्जिलिंगसुद्धा. मावशी हाताला येईल तो घेतात. पहिले काही दिवस त्या स्वतःचा ग्लास धुऊन बाजूला ठेवायच्या, आता ठेवत नाहीत. आणि त्यांच्यासाठी आलं घालून, उकळून चहा करतो. तोही शीटमध्ये आहे, नोंद क्रमांक एकशे आठ.

गेल्या महिन्यात आई आली होती. ओटा पुसता पुसता तिने विचारलं, “इथला स्टीलचा ग्लास कुठे गेला रे?”

मी म्हणालो, “हरवला असेल.”

ती दिवाळीला परत येणार आहे. तेव्हा ती पुन्हा विचारणार नाही, नवीन ग्लास घेऊनच येईल. तिच्या हातात तो ग्लास असताना मी काय म्हणेन, हे अजून ठरत नाहीये. मांडणीत बहात्तर प्रकारचे चहा आहेत आणि एक वाक्य जमत नाही.